दशमांश टॅक्स कापायच्या आधीचा की नंतरचा?

गोव्यात वास्कोतल्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, मी खजिनदार. त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला नेहमी येतो: "पगाराचा दहावा भाग द्यावाच लागतो का? आणि तो पीएफ-टॅक्स कापायच्या आधीचा, की हातात येतो त्याचा?" कॅथलिक शेजारी विचारतात, हिंदू मित्र विचारतात. घाटावरून बदली होऊन आलेली आमची माणसं तर उपासना संपल्यावर बाजूला घेऊन विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

आधी-नंतरचं लवकर सांगून टाकतो. बायबलच्या जुन्या करारात पगारावर दशमांश नव्हताच. दशमांश होता तो धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा. त्यातल्या लेवीय पुस्तकाच्या 27 व्या अध्यायाप्रमाणे कळप काठीखालून जाताना दर दहावं जनावर परमेश्वराचं; त्यात धष्टपुष्ट की मरतुकडं, ही निवड करायची नाही. पीएफचं उत्तर यात शोधू नका, तुमचं तुम्ही ठरवा. कुणा खजिनदाराने पगाराची स्लिप मागितली, तर मात्र खुशाल नाही म्हणा.

खरा प्रश्न आहे, हा दहावा भाग कुणासाठी? इस्राएलाच्या बाकी वंशांना जमीन मिळाली, लेवी या वंशाला मिळाली नाही. त्यांनी उपासनेच्या मंडपाची सेवा करायची आणि इतरांच्या पिकातल्या दशमांशावर जगायचं, असं गणना 18 सांगतं. आणि त्या लेवींनीही मिळालेल्याचा दहावा भाग याजकांना, म्हणजे पुरोहितांना, द्यायचा, म्हणजे घेणाराही देण्यातून सुटला नाही! अनुवाद 14 आणखी पुढे जातं: दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवायचा, आणि तो लेवी, परदेशी, अनाथ नि विधवांनी पोटभर खायचा. व्यासपीठावरून मात्र जास्त ऐकू येतं ते मलाखी 3:10, मंदिराच्या भांडारात दशमांश आणा म्हणजे आकाशाच्या खिडक्या उघडतील, हे. त्यावरून 'दहा द्या, शंभर मिळवा' असं सांगणारे प्रचारक मला लॉटरीवाल्यांसारखे वाटतात.

माझा आवडता उतारा नहेम्या 13 मधला आहे. लेवींचे वाटे थकले, तेव्हा ते मंदिर सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले. यहूदाचा अधिपती नहेम्या याने अधिकाऱ्यांना फैलावर घेतलं, लेवींना परत आणलं आणि भांडारावर विश्वासू माणसं नेमली. त्यांत एक याजक, एक शास्त्री, एक लेवी आणि मदतीला चौथा. एकट्याच्या हाती किल्ली दिली नाही, हे आम्हा खजिनदारांनी विसरू नये.

कॅथलिक शेजाऱ्यांना आमच्या दर महिन्याच्या दशमांशाच्या पाकिटाचं नवल वाटतं, त्याला गोव्याचा इतिहासही कारण आहे. परदेशी मुलखातल्या दशमांशाचा हक्क पोपने पोर्तुगीज राजसत्तेकडे दिला होता. त्या बदल्यात चर्चं बांधायची आणि पाद्रींना पोसायचं, ही जबाबदारी राजाची. गोव्याच्या तिसवाडी भागातली देवळं पाडल्यावर त्यांच्या जमिनींचं उत्पन्नही 1541 मध्ये चर्चकडे वळवलं गेलं. हा भाग सांगताना मला संकोच वाटतो, पण चर्चच्या हिशेबात तो लपवूही नये. पुढे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादींनीही चर्चचा नि फेस्ताचा, म्हणजे सणाचा, बराच भार उचलला. आजच्या कॅथलिक कायद्यात, 1983 च्या संहितेच्या कलम 222 मध्ये, चर्चच्या गरजा भागवणं हे कर्तव्य आहे, पण दहाचा आकडा नाही. पहिल्या पिकाची आठवण म्हणाल तर कणसांच्या फेस्तात ती अजून आहे. ताळगावात 21 ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांवर आशीर्वाद मागतात, तो पाहाच.

नव्या करारातही टक्का कुठे ठरवून दिलेला नाही. पुदिना, बडीशेप, जिऱ्याचाही दशमांश मोजून देणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, येशूने सुनावलं ते न्याय, दया आणि विश्वास सोडून दिल्याबद्दल. दशमांश टाकून द्या, असं तो म्हणाला नाही. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, नाखुशीने किंवा भाग पडलं म्हणून नव्हे. म्हणून आमच्याकडे सक्ती नाही.

तरीही मला वर्गणीपेक्षा दशमांश बरा वाटतो. वर्गणी सगळ्यांना सारखी. ती टॅक्सीवाल्याला पावसाळ्यातही तेवढीच, डिसेंबरातही तेवढीच. मासेमारीबंदी असते त्या जून-जुलैत ट्रॉलरवरच्या माणसाकडून काय मागणार? दहावा भाग मिळकतीबरोबर खाली उतरतो. शून्याचा दशमांश शून्य, आणि तो देणाऱ्याने मान खाली घालायचं कारण नाही. उलट त्या महिन्यात भांडारातून त्याच्या घरी काही गेलं पाहिजे, अनुवाद 14 मध्ये तेच आहे.

आमच्या वहीत पहिला खर्च पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, मानधनाचा, मग हॉलचं भाडं आणि वीज, मग गरजूंचा निधी. अडचण आली की कात्री नेमकी या शेवटच्या ओळीला लागते. यंदा पंचांच्या सभेत मी हट्टाने तो निधी भाड्याच्या वर लिहायला लावला. दोघे अजून नाराज आहेत.