बचाव बोटीवरचं पुढचं शिक्षण: घड्याळ, दोर आणि घाई

प्राथमिक अभ्यासक्रमात स्वयंसेवकाला गाठी येतात, लाइफ जॅकेट नीट घालता येतं, रेडिओवर बोलता येतं. शांत पाण्यात सरावाला एवढं पुरतं. पुढच्या प्रशिक्षणात तीन कामं मोठी: शोधणं, पाण्यातून वर घेणं आणि बंद पडलेली बोट ओढून आणणं. तिन्हींत चुका बहुतेक हाताच्या नसतात, घाईच्या असतात. म्हणून हे शिक्षण निम्मं स्टॉपवॉचचं आणि आकडेमोडीचं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

धक्क्यावरून दोर सोडण्याआधी दोन मिनिटं कागदाला द्यायची. अमेरिकी तटरक्षक दलात रूढ झालेल्या मूळ हिरवा-पिवळा-लाल पद्धतीत सहा गोष्टींना प्रत्येकी धोक्याचे 0 ते 10 गुण देतात: देखरेख, नियोजन, माणसांची निवड, त्यांची शारीरिक-मानसिक तयारी, हवा-पाणी आणि कामाची गुंतागुंत. बेरीज 23 पर्यंत हिरवा, 24 ते 44 पिवळा, 45 पासून पुढे लाल. खरी गंमत बेरजेत नाही. प्रत्येकाने आपापला आकडा आधी मनात ठरवायचा आणि मग सांगायचा. चालक हवा-पाण्याला 3 देतो आणि सगळ्यात नवखा खलाशी 8 देतो, तेव्हा थांबून त्याला विचारायचं. त्याला काहीतरी दिसलेलं असतं, नाहीतर तो घाबरलेला असतो. दोन्ही गोष्टी निघण्याआधी कळायला हव्यात.

आता शोध. माणूस शेवटचा जिथे दिसला तिथे तो आता नसतो. लाइफ जॅकेट घातलेला माणूस मुख्यतः प्रवाहाबरोबर जातो, वारा त्याला थोडाच ढकलतो. रिकामी रबरी तराफा मात्र वाऱ्यावर पळते. म्हणून किती वेळ गेला, प्रवाह किती आणि कुठे, वारा कुठून, यावरून आधारबिंदू, म्हणजे तो आता कुठे असेल त्याचा अंदाज, काढायचा आणि तिथे पोहोचताच प्रवाहाबरोबर वाहणारा बोया (तरंगती खूण) पाण्यात टाकायचा.

जागा बऱ्यापैकी खात्रीची असेल तर त्रिकोणी पाकळ्यांची पद्धत वापरतात. 10 नॉट, म्हणजे तासाला 10 सागरी मैल, वेगाने 90 सेकंदांत पाव सागरी मैल होतो, तेवढी एक बाजू धरू. बोयापासून प्रवाह जातो त्या दिशेने 90 सेकंद जा, 120 अंश उजवीकडे वळा, 90 सेकंद, पुन्हा 120 अंश उजवीकडे, 90 सेकंद. आता बोया जवळ आला पाहिजे. तिथे वळायचं नाही, त्याच दिशेने पलीकडे जायचं आणि दुसरी पाकळी सुरू. तीन पाकळ्या, नऊ बाजू, साधारण साडेतेरा मिनिटं. पहिली दिशा शून्य अंश असेल तर कंपासचे आकडे असे येतात: 0, 120, 240, 240, 0, 120, 120, 240, 0. सापडलं नाही तर संपूर्ण आकृती 30 अंश उजवीकडे फिरवून पुन्हा.

इथे एक चूक हमखास होते. चालक जीपीएसच्या पडद्यावर त्रिकोण रेखीव यावा म्हणून प्रवाहाची भरपाई करत सुकाणू धरतो. पडद्यावर आकृती सुंदर येते आणि माणूस तिच्या बाहेर निघून जातो. 2 नॉट प्रवाहात साडेतेरा मिनिटांत पाणी 800 मीटरहून जास्त सरकतं, आणि आपली बाजू आहे जेमतेम 460 मीटरची. आकृती पाण्याच्या हिशेबाने काढायची, तळाच्या नाही. कंपास आणि घड्याळ धरून चाललात तर बोट, बोया आणि माणूस तिघंही एकत्र वाहतात. पडद्यावर रेघ वेडीवाकडी दिसेल, दिसू द्या. पाकळी संपल्यावर बोया बराच लांब दिसला तर चूक सुकाणूत, घड्याळात किंवा वाऱ्याने बोट बाजूला ढकलली जाण्यात आहे. ती तिथेच सोडून पुढची पाकळी बोयापासून सुरू करा. आणि स्टॉपवॉच वळायला लागताना दाबायचं की सरळ झाल्यावर, ते आधी ठरवून शेवटपर्यंत तसंच ठेवा.

आधारबिंदूची खात्री कमी असेल तर वाढत जाणारा चौकोन. 10 नॉट वेगाला 36 सेकंद म्हणजे दशांश मैल. 36, 36, 72, 72, 108, 108, प्रत्येक वेळी 90 अंश उजवीकडे. पहिली बाजू इथेही प्रवाहाच्या दिशेनेच.

पाहणाऱ्यांबद्दल दोन शब्द. चालकाने शोधायचं नाही, बोट चालवायची. दोन्ही बाजूंना एकेक माणूस, नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागपर्यंत आपापला भाग तुकड्या-तुकड्यांनी बघणारा. पाण्यातलं डोकं नारळाएवढं, तेही लाटेच्या खळग्यात गेलं की नाहीसं. अधूनमधून इंजिन बंद करून शिट्टी ऐकू येते का, तेही पाहायचं. रात्री डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि कुणीतरी मोबाइल उघडला की तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून.

माणूस दिसला. थंड पाण्याबाबत 1-10-1 हे सूत्र लक्षात ठेवतात: पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं, मग सुमारे 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. म्हणजे वीस मिनिटांनी फेकलेला दोर त्याला पकडता येईल असं धरून चालू नका, तो शुद्धीत आणि बोलत असला तरी. जवळ येताच इंजिन न्यूट्रलमध्ये, आणि घ्यायचं बाजूने, पंख्याकडून कधीच नाही. शक्य असेल तर आडवं उचलायचं. पाण्याचा दाब शरीरावरून एकदम निघाला की रक्तदाब कोसळतो, आणि उभं ओढलेला माणूस बोटीत आल्यावर कोसळू शकतो. आत घेतल्यावरही आडवाच ठेवा, चालायला लावू नका, हातपाय चोळू नका, दारू तर नाहीच.

ओढून आणण्याच्या कामात दोर कुठे बांधायचा, यावर सगळं अवलंबून. छोट्या बोटींच्या डेकवरचे क्लीट (दोर अडकवायचे दुतोंडी आकडे) कधी कधी खाली आधारपट्टी न देता नुसत्या स्क्रूने बसवलेले असतात. पहिल्या हिसक्याला तो क्लीट डेकच्या तुकड्यासकट उपटतो आणि ताणलेला दोर त्याला गोफणीसारखा आपल्या बोटीवर फेकतो. ट्रेलरवर चढवण्यासाठी नाळेत खाली बसवलेली लोखंडी कडी सहसा सगळ्यात भक्कम. नायलॉनचा दोर ताणला जातो म्हणून हिसके सोसतो, पण तुटला की तितक्याच जोराने परततो. म्हणून दोराच्या रेषेत आणि त्याच्या वेटोळ्यात कुणीही उभं राहायचं नाही. आपल्या बोटीच्या खुंटावर दोराला आठाच्या आकड्याचे वेढे द्यायचे, गाठ मारायची नाही. भाराखाली सुटत नाही ती गाठ काय कामाची? शेजारी धारदार सुरी हवीच.

दोराची लांबी अशी ठेवा की दोन्ही बोटी एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर आणि एकाच वेळी खळग्यात येतील. एक चढतेय आणि दुसरी उतरतेय, तर हिसके थांबणार नाहीत. मागची बोट डावी-उजवीकडे भरकटत असेल तर तिच्यातली माणसं आणि सामान मागे सरकवा, सुकाणू मध्यावर बांधा. वेगाचं गणितही करून घ्या. पाणी कापत चालणाऱ्या जड बोटीचा कमाल वेग नॉटमध्ये 1.34 गुणिले पाण्यातल्या फुटांच्या लांबीचं वर्गमूळ. 25 फुटांना 6.7 नॉट. त्यापुढे ओढलीत तर ती मागून बसते आणि पाणी आत घेते. खवळलेल्या पाण्यात तर याच्याही बरंच खाली राहायचं.

धक्का जवळ आला की आडोशाच्या पाण्यात थांबून ओढून आणलेल्या बोटीला आपल्या बोटीच्या बाजूला बांधून घ्यायचं. आपली पिछाडी तिच्या पिछाडीच्या मागे राहिली पाहिजे, नाहीतर आपलं सुकाणू दोन्ही बोटींना वळवू शकत नाही. पुढे ओढणारा तिरका दोर आधी, मग नाळेचा आणि पिछाडीचा, आणि मागे घेताना भार सोसणारा तिरका दोर शेवटी. सगळे घट्ट, मध्ये फेंडर (धक्का सोसणाऱ्या गाद्या). मग मोकळ्या पाण्यात एकदा इंजिन उलटं टाकून जोडी किती अंतरात थांबते आणि नाळ कोणत्या बाजूला ओढली जाते, ते बघून घ्या.