दुधाची अ‍ॅलर्जी गेली होती ना, मग पुन्हा बंद का?

माझ्या मुलाबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हळदीकुंकवाला, शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत, प्रश्न एकच: "अहो, त्याची दुधाची अ‍ॅलर्जी गेली होती ना? मग आता पुन्हा दूध बंद कसं?"

गेली होती, हे खरं. नऊ महिन्यांचा असताना दोन चमचे खीर भरवली आणि पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजला. दूध बंद झालं. पाच वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी दवाखान्यातच समोर बसवून थोडं थोडं दूध देऊन पाहिलं. काही झालं नाही. आम्ही गल्लीत पेढे वाटले, पहिला त्यालाच दिला.

त्यानंतरची वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. पोळी वरणात बुडवून तिचा पार लगदा होईपर्यंत तो थांबायचा. भाकरीचा कडक पापुद्रा काढून ताटाच्या कडेला. दर दोन घासांमागे पाणी. सगळे हात धुऊन आले तरी याचं ताट अर्धं. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "बत्तीस वेळा चावून खातो, गुणाचं पोर." घास खाली उतरत नव्हता म्हणून तो चावत बसायचा, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

अकराव्या वर्षी वडापावातला पाव छातीत अडकला. पाणी उतरेना, थुंकीही गिळता येईना. एंडोस्कोपी करून तो घास काढला, तेव्हा डॉक्टरांनी अन्ननलिकेचा फोटो दाखवला. आत गोल गोल कडी, उभ्या चिरा. बायोप्सीत, म्हणजे आतल्या अस्तराचा बारीक तुकडा तपासल्यावर, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी निघाल्या. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात त्या नसतातच. सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेच्या टप्प्यात 15 किंवा जास्त दिसल्या की या आजाराचा संशय पक्का होत जातो. नाव इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे या पेशी साचून अन्ननलिकेला येणारी सूज.

गांधी उठवणारी अ‍ॅलर्जी रक्तातल्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे होते, मिनिटांत दिसते. ही दुसरी संथ. पदार्थ रोज पोटात जातो आणि अन्ननलिका आठवडे, महिने आतून सुजत राहते. म्हणून पहिली अ‍ॅलर्जी गेल्यावरही त्याच पदार्थाने ही होऊ शकते, आणि हातावर टोचून करतात ती चाचणी इथे भरवशाची नाही. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी 2018 मध्ये लाखाहून जास्त मुलांच्या नोंदींवरून दाखवलं, की ज्यांना आधी एक्झिमा (खाज सुटणारा त्वचेचा विकार), अन्नाची अ‍ॅलर्जी किंवा दमा होता, त्यांच्यात पुढे हा आजार जास्त आढळतो. अ‍ॅलर्जीच्या बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही तितकंच खरं. दूध पुन्हा सुरू केलं यात कुणाची चूक नव्हती.

कारण म्हणून सगळ्यात जास्त वेळा दूधच सापडतं. गहू, अंडी, सोया त्याच्यामागे. म्हणून आम्ही आधी दूध, दही, ताक, तूप, पनीर बंद केलं. अडीच महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी केली, पेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या. काही मुलांना पथ्याऐवजी आम्ल कमी करणारी औषधं किंवा गिळायचं स्टेरॉइड देतात. आमचं पथ्यावर निभावलं.

म्हणून गोपाळकाल्याचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवून "एवढ्याने काय होतंय" म्हणू नका. त्या घटकेला खरंच काही होत नाही, आणि तिथेच माणूस फसतो.

आणि तुमच्या घरात लहानपणी अ‍ॅलर्जी असलेलं मूल असेल, तर आठवडाभर जेवताना त्याच्या पाण्याच्या भांड्याकडे लक्ष ठेवा. ते किती वेळा तोंडाला लागतं, पोळी-पाव-मटण तो टाळतो का, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मूल आपणहून सांगणार नाही. त्याला वाटतं, सगळ्यांचाच घास असा अडकतो.