आबांना लोणारला नेलं

रविवार, रात्रीचे साडेनऊ

पोटऱ्या भरून आल्यात, तरी आजचं आजच लिहायचं.

आबा पंचाहत्तरीचे. उभी हयात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. १९७६ पासून त्यांनी लोणारला किती सहली नेल्या, त्याचा हिशेब त्यांनाच लागत नाही. दरवेळी पोरांना काठावर रांगेत उभं करून सांगायचे, "नीट पाहून घ्या, हे ज्वालामुखीचं तोंड." चौथीत असताना मीही त्या रांगेत होते. वाफ कुठून निघते ते शोधत होते.

मेहकरवरून सकाळी नऊला पोचलो. तिथवर सगळं सपाट, कपाशी आणि तूर. मग एकाएकी जमीन संपते आणि पुढ्यात दीडशे मीटरच्या आसपास खोल वाटी. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. खाली गर्द झाडी, मधोमध हिरवं पाणी.

आबा काठावरच्या दगडावर टेकले. "गुडघे नाही म्हणून रायले. तू जा, कमळजेची ओटी भरून ये."

उतरताना सीताफळाची झाडं, सागाची वाळकी पानं, कुठेतरी मोराची हाक. देवळात अंधार आणि गारवा. नारळ, खण, तांदूळ देवीपुढे ठेवले. आईच्या वेळचा खण होता तो, घडीवर विरत आलेला. तिच्या नावाने जरा वेळ बसले.

मग पाण्याकडे. कुजक्या अंड्यासारखा वास, काठाच्या चिखलावर मिठासारखी पांढरी पापडी. दोन बोटं बुडवून चोळली तर साबण लावल्यागत बुळबुळीत. या पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास मोजला गेलाय, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. असल्या पाण्यात मासा सहसा जगत नाही, पण सूक्ष्म शेवाळ एवढं माजतं की पाणी हिरवं दिसतं. जून २०२० मध्ये हेच तळं गुलाबी झालं होतं. पाणी आटून खार वाढला आणि मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासात निघालं. त्याच वर्षी तळं जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं.

वर आले तेव्हा आबा हातातला काळा दगड उलटसुलट करून बघत होते.

"हा तर ज्वालामुखीचाच आहे ना?"

दगड ज्वालामुखीचाच, हे खरं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा बेसाल्ट. आपल्या विहिरीला लागला तोही हाच, आणि आपली काळी जमीन याचीच झिजून झालेली. खड्डा मात्र आभाळातून पडलेल्या उल्केचा. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली, आणि पुढे दीडेकशे वर्षं बरेच जाणकार याला ज्वालामुखीच म्हणत राहिले. मग तळाशी भोकं पाडून पाहिलं, तर खडकाचा चुरा निघाला आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हे खनिज आघाताच्या प्रचंड दाबाने काचेसारखं होतं, ते हे. लाव्हारसाला ते साधत नाही. १९७३ मध्ये ते छापून आलं. वयाचा अंदाजही बदलत गेला: आधी ५२ हजार वर्षं धरत, नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने मोजलं तर पावणेसहा लाखांच्या घरात गेलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी पहिल्यांदा पोरं आणली, त्याच्या तीन वर्षं आधीच छापलं होतं."

"आबा, तुमच्या शाळेत तेव्हा वर्तमानपत्रही दुसऱ्या दिवशी यायचं."

"ते झालंच. पण पोरं तर माह्या तोंडाकडे पाहत होती."

त्यांनी दगड होता तिथेच अलगद ठेवला. इथून दगड नेऊ नये, हे ते पोरांनाही बजावायचे. त्यांच्या रांगेतल्या कुणीच कधी नेला नसेल, याची मला खात्री आहे.

परत निघताना धारेवर थांबलो. गोमुखातून बाराही महिने पडणारं गोड पाणी, आणि खाली असलं खारं. आबांनी ओंजळीने तोंड धुतलं आणि गाडीत बसले. गाव येईपर्यंत बोलले नाहीत.

जेवण झाल्यावर त्यांनी जुनी वही काढली आणि मला फोन लावायला सांगितला. पलीकडे त्यांचा विद्यार्थी, आता साठीचा, स्वतःच आजोबा झालेला.

"अरे, मी बोलतो, गुरुजी. जेवलास का? ऐक, लोणारबद्दल तुले एक चुकीचं सांगितलं होतं मी..."

वहीत अजून अकरा नंबर आहेत. उद्या सकाळी लावू म्हणाले.