पांढरी मिरची

मिरची हिरवी असते नाहीतर लाल, या समजुतीत माझी अर्धी हयात गेली. त्यामुळे कुंडीतल्या रोपाला पहिली मिरची धरली आणि ती सायीच्या रंगाची निघाली, तेव्हा मी आधी खताला दोष दिला. पानंही तसलीच: हिरव्यावर पांढरे शिंतोडे, चुना देणाऱ्याने कुंचला तिथेच झटकल्यासारखे. पण तो रोग नव्हता, वाणच तसा. नाव फिश पेपर. माशासारखी दिसते म्हणून नव्हे, माशांबरोबर शिजते म्हणून.

ही मिरची अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या काठची. एकोणिसाव्या शतकात तिथले कृष्णवर्णीय लोक ती लावत. ऑयस्टर आणि खेकड्यांच्या खाणावळींत दुधासायीचा पांढरा सॉस असायचा. त्याला तिखट तर हवं, पण रंगाला धक्का लागता कामा नये. मग कोवळी पांढरी मिरची घालायची. खाणाऱ्याला पहिला घास पोटात गेल्यावरच कळणार! असा साळसूद तिखटपणा काही माणसांतही असतो, पण तो विषय नको.

पुढे ही मिरची जवळजवळ नाहीशी झाली. ती वाचली कशी, तेच मला सगळ्यात आवडतं. पेनसिल्व्हेनियातले चित्रकार होरेस पिपिन यांच्या उजव्या खांद्याला पहिल्या महायुद्धात गोळी लागली होती. दुखऱ्या हातावर त्यांचा उपाय काय, तर मधमाश्यांचे डंख. १९४०च्या दशकात त्यांनी मधमाश्या पाळणाऱ्या राल्फ वीव्हर यांच्याकडून माश्या घेतल्या आणि बदल्यात बियाणं दिलं. त्यात ही मिरची होती. एकाने झोंबणारं दिलं, दुसऱ्याने चावणारं. चोख व्यवहार! वीव्हर गेल्यावर ते बी वर्षानुवर्षं फ्रीझरमध्ये पडून राहिलं. त्यांचे नातू विल्यम वॉइस वीव्हर यांच्या हाती ते लागलं आणि १९९५मध्ये पुन्हा लोकांपर्यंत गेलं.

माझ्याकडे मात्र तेच बी उगवायला तयार नव्हतं. मिरचीच्या बीला ऊब लागते, पंचवीस-तीस अंश. मी थंडीत पेरलं आणि रोज माती उकरून बघितली. ज्याला वाट बघवत नाही, त्याने पालेभाजी लावावी.

पहिल्या तोडणीचा पांढरा सॉस केला. बिया काढल्या म्हणजे तिखटपणा गेला, अशा भ्रमात होतो. तिखटपणा खरा असतो बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या गरात, आणि तो मी इमानेइतबारे सॉसात ढकलला होता. पाहुणे 'वा, किती सौम्य दिसतंय' म्हणाले. नंतर बराच वेळ कोणी काहीच म्हणालं नाही. मी दूध आणून ठेवलं. पाण्याने ही आग विझत नाही.

झाडावर राहिलेल्या मिरच्यांवर आधी हिरवे पट्टे उमटले, मग त्या नारिंगी झाल्या, शेवटी लाल. शेजारच्या कुंडीत साधी मिरची आहे. मधमाशी इकडचे पराग तिकडे नेते आणि बी भेसळीचं होतं. म्हणून पुढच्या वर्षीच्या बियांसाठी एका फांदीला फुलं उमलण्याआधीच मलमलची पिशवी बांधली. ज्यांच्या बदल्यात हे बी हाती आलं, त्यांच्याच तोंडावर दार लावलं. काल एक माशी त्या कापडावर बराच वेळ चालत होती. मी हात मागे घेतला.