मोरी घेताना डोकं आणि पोट बघा

रत्नागिरीकडची मासळी कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला येते, आंबा घाटातून सांगलीकडे जाते. त्यात मोरी, म्हणजे मुशी किंवा शार्क मासा, असतेच. काटे नाहीत, मध्ये नुसता कूर्चेचा कणा, म्हणून घाटावर ती आवडीने खाल्ली जाते.

मोरीच्या मांसात मुळातच युरिया असतो. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात, बर्फ कमी पडला की फारच लवकर. वास नाकाला झोंबला तर घेऊ नका. ताजी असेल तर क्षणभर उकळत्या पाण्यात धरून खरखरीत कातडी खरवडायची, तुकडे मीठ आणि कोकमाच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे, ते पाणी फेकायचं. आंबटाने वास कमी होतो, पण शिळी मोरी त्याने ताजी होत नाही.

वासापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे जात. चपट्या, फावड्यासारख्या नाकाची छोटी मुशी साधारण ३५ सेंटिमीटरलाच वयात येते. हातोडीसारख्या डोक्याच्या मोरीचं पिल्लू मात्र जन्मतःच ४०-५० सेंटिमीटरचं असतं आणि त्याची आई दोन मीटरच्या पुढे. म्हणजे टोपलीत मोठी दिसणारी मोरी कालपरवा जन्मलेली असू शकते! म्हणून लांबीवर जाऊ नका, डोक्यासकट अख्खी मोरी मागा. छातीच्या दोन परांच्या मध्ये, पोटाकडून, न भरलेली चीर दिसली तर ती नाळेची खूण. असं पिल्लू घेऊ नका. हातोडीवाली तर कुठल्याच आकाराची नको, ती जात नष्ट होण्याच्या काठावर आहे. कापलेल्या तुकड्यांवरून यातलं काहीच कळत नाही.

बांगडा हजारोंनी अंडी घालतो. मोठ्या मोऱ्यांच्या काही जाती दहा-बारा महिने गर्भ वाढवून दहाच्या आत पिल्लं देतात. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीने मागे ओढत नेलेल्या, जाळ्यात त्या कोळंबीबरोबर न मागता येतात, त्यामुळे निव्वळ परांवरच्या बंदीने त्या वाचत नाहीत. २०१५ पासून परांची निर्यात बंद आहे, पण मांस इथेच खपतं. देवमुशीसारख्या (व्हेल शार्क) काही जाती २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या धरणं-विकणं गुन्हा आहे.

मोठ्या मोरीत पारा साठतो, शिजवून तो जात नाही. गरोदर बायका आणि लहान मुलांना मोरी देऊच नये, काटा नसला तरी.

जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा 'ताजी' मोरी दिसली तर कुठून आली, किती दिवस बर्फात आहे, ते विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर गोड्या पाण्यातला रोहू किंवा कटला घ्या.