हातरुमाल नसलेला ऑथेल्लो

शनिवार, रात्री उशिरा

‘ज्यूबल’ चित्रपट पाहिला आणि झोप उडाली. १९५६ सालचा डेल्मर डेव्हजचा वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपट. कथा पॉल वेलमनच्या कादंबरीवरून घेतलेली, पण आत सगळा शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ भरलाय.

अमेरिकेतल्या वायोमिंगमधला रँचचा, म्हणजे गुरांच्या मोठ्या वाडीचा, मालक शेप हॉर्गन अर्धमेल्या ज्यूबलला आसरा देतो आणि काही दिवसांत त्याला गड्यांचा मुकादम करतो. जुना गडी पिंकी तिथेच पेटतो. नाटकात सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालच्या कपटी इयागोचंही तेच, बढती कॅशियोला मिळाली ना! आणि जागा किती अचूक निवडलीय. नाटकातलं सायप्रस बेट व्हेनिसपासून दूर, तशी ही रँचही टेटनच्या डोंगरांत एकटी पडलेली. विश्वासातला माणूस कानाशी लागून जे सांगेल तोच इथे पुरावा. रॉड स्टायगरचा पिंकी बोलू लागला की मी श्वास रोखून बसत होते.

पण इयागोने खोटा पुरावा म्हणून वापरलेला डेस्डेमोनाचा हातरुमाल इथे नाही. त्याची गरजच उरलेली नाही, कारण शेपची बायको मे ही डेस्डेमोनासारखी, म्हणजे ऑथेल्लोच्या बायकोसारखी, निष्पाप नाही. पिंकीशी तिचं आधी होतं, आता जीव ज्यूबलवर जडलाय. ज्यूबल तिला ठाम नकार देतो, तरी शेपचा संशय निम्मा खराच ठरतो. ऑथेल्लोच्या संशयाला तर तसूभरही आधार नव्हता, म्हणून तर तो वाचताना आतडं पिळवटतं. शिवाय ऑथेल्लो मूर, म्हणजे काळ्या वर्णाचा, गोऱ्यांच्या फौजेत मोठा झालेला आणि तरी परकाच राहिलेला. शेप गोऱ्यांमधलाच गोरा. इयागोला ज्या जखमेवर बोट ठेवता आलं, ती जखमच इथे नाही.

रूपांतराला माझा विरोध नाही. देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केलाच की. वेस्टर्नमध्ये बंदूक येणार, हेही मान्य. पण शेप बंदूक घेऊन ज्यूबलवर धावून येतो आणि ज्यूबलच्याच गोळीने मरतो, संपलं! ऑथेल्लो स्वतःच्या हातांनी बायकोला मारतो आणि मग त्याला खरं कळतं. ती कळण्याची घटका मला हवी होती. चित्रपटाने ज्यूबलला वाचवलं, नवी मुलगी दिली, वाट दिली.

शेप झालेल्या अर्नेस्ट बोर्गनाइनचं गडगडाटी हसू अजून कानात आहे. एवढा भोळा, मोकळ्या मनाचा शेप. आपण कुणावर गोळी झाडायला निघालो होतो, हे त्याला मरण्याआधी कळायला हवं होतं.