शेरू शांत नव्हता

"ताई, हा काहीच त्रास देत नाही. आंघोळीला नुसता पुतळ्यासारखा उभा राहतो," पट्टा माझ्या हाती देत काका म्हणाले. शेरू, तीन वर्षांचा लॅब्राडॉर, वजन 31 किलो.

टबाशी आल्यावर तो पुतळा मलाही दिसला. शेपूट पोटाशी, कान मागे चिकटलेले, डोळ्यांच्या कडेने पांढरं डोकावतंय. जांभया येत होत्या, पण झोपेच्या नव्हेत. पाठीला हात लावला तर दगड. नाकाशी चिकनचा तुकडा धरला, तो त्याने हुंगलाही नाही. लॅब्राडॉरने खाणं नाकारलं की मी हातातलं काम थांबवते.

कुत्र्यांना आंघोळ घालायच्या या कामात नवी असताना अशा कुत्र्यांना मी 'गुणी' म्हणायचे आणि भराभर उरकायचे. त्याची टोचणी आजही आहे. सुटका नाही हे कळलेलं कुत्रं भीतीने थिजतं, आणि तेच एखाद्या दिवशी 'अचानक' चावतं.

"आज आंघोळ नको, काका. अर्धा तास बसाल?" त्यांना ते आवडलं नाही, पण बसले.

टब कोरडाच ठेवला आणि शेरूला आत घेतलं. पहिलंच पाऊल घसरलं, नखं करकरली आणि तो तिथेच गोठला. म्हणजे पाण्याच्या आधी तळच त्याला घाबरवत होता. हे ऐकून काकांना आठवलं, पिल्लू असताना तो ओल्या फरशीवर आपटला होता. मी टबात रबरी मॅट अंथरली आणि भिंतीला पीनट बटर फासलं. (डब्यावर झायलिटॉल नाही ना, हे आधी वाचायचं. साखरेऐवजी घालतात तो हा पदार्थ कुत्र्यांसाठी विष आहे.) बराच वेळ त्याने बघितलंही नाही. मग जीभ एकदा लागली, पुन्हा लागली. थोड्या वेळाने त्याने कोरडंच अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत झाडलं. ताण उतरला की कुत्री असं झाडतात. मला तर रडूच आलं.

शॉवर मात्र मी सुरू केला नाही. आवाज जितका तीक्ष्ण, तितके त्याचे हर्ट्झ जास्त. आपले कान साधारण 20,000 हर्ट्झला थांबतात, कुत्र्यांचे 45,000 च्या आसपास जातात. धातूच्या टबात पाण्याचा फवारा त्यांना कसा ऐकू येत असेल, या विचाराने मी भित्र्या कुत्र्यांना मगनेच पाणी घालते. त्या दिवशी कोमट पाण्याचा एक मग, तोही फक्त मागच्या पायावर. टॉवेलने पुसलं आणि घरी पाठवलं.

पूर्ण आंघोळ चौथ्या खेपेला झाली. आधी पाय, मग पोट, मग पाठ. तोंडावर पाणी नाहीच, ओलं फडकं फिरवलं. ड्रायरही लावला नाही. सगळं नीट चाललं होतं. मग मी कानाकडे हात नेला आणि शेरू घशातल्या घशात गुरगुरला.

"ए शेरू!" काका ओरडले.

"रागावू नका, काका. इतके दिवस तो गप्प होता, आज पहिल्यांदा नको म्हणाला."

मी हात मागे घेतला. शेरूने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंत चाटायला लागला. कान तसेच राहिले.